काळूरामच्या नावची अळकुडी

माझ्या वयनीला चव न घेता मीठ कळतं. हे मी कौतुकानं सांगत नाहीये, जळून सांगतेय. विरारला मनवेलपाड्यात माझं पोळीभाजी केंद्र आहे. पहाटेपासून हातात डाव असतो, आणि तरीही पातेल्यातला थेंब तळहातावर घेऊन चाटल्याशिवाय माझा जीव भांड्यात पडत नाही. वयनी मात्र ऋषीची भाजी करताना नुसती वाफेकडे बघते, मुठीत खडेमीठ घेते आणि सोडून देते. बरोबर पडतं. पंचमीचा नैवेद्य आधी चाखायचा नसतो, म्हणून ही विद्या. कसं कळतं म्हणून एकदा विचारलं, तर म्हणाली वाफ सांगते. आता वाफ काय बोलते का? पण ती तशीच आहे.

तिचं नाव रंभा. माझ्या थोरल्या भावाची, काळूरामदादाची बायको. नायगावच्या खाडीला आमचं गाव, आता तिन्ही बाजूंनी टॉवर झालेत आणि मध्ये खोलगटात आमची कौलारू घरं राहिलीत. वयनी पल्याडच्या काठावरून लग्न होऊन होडीतून आली. मिठागरावर डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहिल्या. मिठागर बंद पडलं तेव्हा परसातली भाजी टोपलीत घालून स्टेशनाबाहेर बसायला लागली. टॉवरातल्या बायका तिच्याकडून अळू घेतात आणि ती त्यांना बजावते की चिंच घातल्याशिवाय खाऊ नका, घसा धरेल. कुणी भाव पाडायला लागलं की ती पान उलटं करून ठेवते आणि दुसरीकडे बघते. भांडायचं नाही, उत्तरही द्यायचं नाही. मला तिचं हे कधी जमलं नाही, माझं तोंड आधी सुटतं.

दादा उघाडी सांभाळायचा. खाडीच्या बांधात फळ्यांचं दार असतं त्याला आम्ही उघाडी म्हणतो. भरतीला फळ्या लावायच्या म्हणजे खारं पाणी शेतात शिरत नाही, ओहोटीला काढायच्या म्हणजे पावसाचं पाणी निघून जातं. शेत फारसं उरलं नव्हतं, तरी दादा जायचा. दोन वर्षांपूर्वी आषाढातल्या अमावास्येला भर दुपारी उधाण आलं आणि तो फळ्या बघायला गेला, तो आलाच नाही. बांधावर त्याच्या चपला जोडीनं काढून ठेवलेल्या होत्या. पंचा उघाडीच्या खांबाला बांधलेला होता, नीट गाठ मारून. गावातल्या होड्या फिरल्या, अग्निशमनवाले आले, गळ टाकून झाले. आमची खाडी माणूस ठेवून घेत नाही, कुठल्या तरी काठाला आणून टाकते. दादाला टाकलं नाही.

मी त्याची सख्खी बहीण. मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं की तो गेला. रडून घेतलं, कामाला लागले. वयनी रडली नाही. कपाळावरचं कुंकूही तसंच आणि बांगड्याही तशाच. कोणी काही बोललं की ती पान उलटं करून ठेवल्यासारखी गप्प व्हायची.

आता ऋषीच्या भाजीचं सांगते, कारण सगळं तिथंच अडकलंय. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी, पंचमीला, सगळेच ही भाजी करतात. बैलाचे कष्ट नकोत, नांगर लागलेलं नको, परसात हातानं लावलेलं तेवढंच घ्यायचं. माठाचे देठ, शिराळं, पडवळ, भेंडी, भोपळा, सुरण, कणसाचे तुकडे, अळूची पानं. तेल नाही, फोडणी नाही. पण आमच्या घरात अजून एक रीत आहे, ती दुसऱ्या कुठल्या घरात मी बघितली नाही. घरातल्या प्रत्येक जित्या माणसाच्या नावानं एक अख्खी अळकुडी हंडीत सोडायची. अळकुडी म्हणजे अळूचा कांदा, लिंबाएवढा. सोलायची, चिरायची नाही, ओठातल्या ओठात नाव घ्यायचं आणि सोडायची. वाढताना ज्याच्या पानात जी येईल ती त्याची. जो घरी नाही त्याची तळाशी राहते, आणि ती घरातल्या मोठ्या बाईनं खायची. हंडी चुकत नाही, असं माझी आई म्हणायची.

मेलेल्याच्या नावाची सोडायची नाही. का, तर ती खाजते. चिंच घाला नाहीतर काही घाला, तिला गुण येत नाही. आणि ती ज्याच्या पोटात गेली, त्याच्या दारात तो माणूस उधाणाला जेवायला येतो. फेकायचीही सोय नाही. फेकली तर त्या हंडीतून जे जे जेवले त्या सगळ्यांकडे येतो. आई हे सांगायची तेव्हा आम्ही पोरं चुलीजवळ सरकून बसायचो. मोठी झाल्यावर मी म्हटलं, काहीतरीच. तरीसुद्धा आई गेल्यावर तिच्या नावाची अळकुडी टाकायची कुणाची हिंमत झाली नव्हती.

दादा नाहीसा झाला त्याच वर्षी, महिनाभरानं, पंचमी आली. वयनीनं त्याची अळकुडी घातली. आम्हाला कळलं ते जेवणं झाल्यावर. हंडीच्या तळातून तिनं एक काढली, आमच्यासमोर खाल्ली, आणि लोण्यासारखी आहे म्हणाली. सगळ्यांना वाटलं, म्हणजे आहे कुठंतरी. डोक्यावर परिणाम होऊन भटकत असेल, कुठल्या बंदरावर काम करत असेल. गेल्या वर्षीही तेच. गावातल्या बायका तर नवस बोलायला लागल्या.

माझा भाचा कल्पेश, दादाचा मुलगा, मात्र पिसाळला. तो मनवेलपाड्यातच राहतो, माझ्यापासून दोन गल्ल्या सोडून. अंधेरीला एका कंपनीत हिशेब बघतो. बायको दिपिका शिकवण्या घेते, आणि आर्या म्हणून पाच वर्षांची चिमुरडी आहे. त्याचं म्हणणं असं की टॉवरांच्या भरावामुळे गावचं घर खड्ड्यात गेलंय, उधाणाचं पाणी मागच्या दारापर्यंत येतं, आणि आई तिथं एकटी राहते ती का, तर बाबा परत येतील आणि दाराला कुलूप दिसेल म्हणून. पिठाचा पुतळा करून बाबांचं क्रियाकर्म करू, घराला कुलूप लावू, आईला विरारला आणू. पोराचं काय चुकलं? मी त्याच्या बाजूनं होते, आजही आहे. पण वयनी ऐकेना.

शेवटी यंदा श्रावण संपला तसा त्याचा संयम सुटला. माझ्यासमोरच आईला म्हणाला, तू चिंच ओतून ओतून सगळ्यांना फसवतेस. यंदा चिंच घालायची नाही. आणि बाबांची अळकुडी मी खाणार, तू नाही. खाजली तर क्रियाकर्म करायचं आणि माझ्या घरी यायचं. नाही खाजली तर मी या विषयावर तोंड उघडणार नाही.

मला वाटलं आता ती पुन्हा गप्प बसेल. पण ती लगेच बरं म्हणाली. इतक्या पटकन अट मानली की मलाच कसंतरी वाटलं.

पंचमीला मी सकाळीच पोचले. आमचा गणपती दीड दिवसाचा, दुपारी भरतीला विसर्जन, म्हणजे सगळं जेवण त्याआधी. मागच्या पडवीत चूल पेटवलेली होती. पडवीच्या पायरीवर पाय टाकला आणि थांबले. पायरीवर पांढरे डाग होते, पाण्यात भिजलेले पाय उमटून वाळावेत तसे. बोटंसुद्धा दिसत होती. पायरीकडून आत, भिंतीला टेकलेल्या पाटापर्यंत. परत जाताना एकही नव्हता.

मी विचारलं हे काय. वयनी म्हणाली, पावसाचं पाणी आलं असेल. आता मी खाडीची मुलगी आहे. पावसाचं पाणी वाळलं की काही राहत नाही. खारं पाणी वाळलं की मीठ राहतं. मी बोटानं डाग घासला आणि जिभेला लावला, खारट लागला. पण बाप्पा घरात, सणाचा दिवस, मी तोंड बंद ठेवलं. माझ्या स्वभावाला ते जड गेलं.

वयनीनं फडक्यानं पायरी पुसली आणि पाट उलटा करून ठेवला. मग आम्ही भाजी निवडायला बसलो. ती देठ सोलत होती, मी सुरण चिरत होते. त्या दिवशी ती खूप बोलली, ती कधी एवढी बोलत नाही. तुझ्या केंद्रात कुणी मदतीला लागते का, पहाटे किती वाजता उठतेस, मनवेलपाड्यात भाजी विकायला कुठं बसू देतात, तिथं पाणी कुठून येतं, नळाचं की टँकरचं, खारं तर नसतं ना? मी म्हटलं, अगं नळाला पाणीच कमी येतं, खारं कुठून येणार. ती हसली. मला इतकं बरं वाटलं त्या हसण्यानं. म्हणजे ही येणार, असं माझ्या मनात आलं.

हंडी चढली. आधी सुरण आणि कणसं, मग देठ, मग बाकीचं. शेवटी अळकुड्या. त्या तिनं परसातल्या वाफ्यातून काढल्या होत्या, सोलून मिठाच्या पाण्यात ठेवलेल्या, पांढऱ्याशुभ्र. एकेक हातात घेऊन ती डोळे मिटायची, ओठ हलायचे, आणि सोडायची. मी कान देऊन होते. आर्या, दिपिका, कल्पेश, मग माझं नाव, हिरू. मग तिची स्वतःची. दादाचं नाव मी ऐकलं नाही, पण ते ऐकू येणारच नव्हतं, आणि सगळ्या मिळून किती सोडल्या ते मी मोजलं नव्हतं. नवऱ्याचं नाव ती तोंडानं कधीच घेत नाही. तिनं झाकणावर पाणी ठेवलं आणि केळीची पानं कापायला परसात गेली.

तेवढ्यात टॉवरातलं एक जोडपं गणपती बघायला आलं म्हणून मला पुढं जावं लागलं. त्यांना प्रसाद दिला, मखराचं कौतुक ऐकून घेतलं. परत आले तर कल्पेश पडवीतून बाहेर येत होता, हात पुसत. मी खेकसले, काय रे, नैवेद्याच्या चुलीपाशी काय काम तुझं? पाणी प्यायला आलो होतो म्हणाला. पाण्याचा माठ तर पुढच्या खोलीत होता. पण सणाच्या गडबडीत कोण एवढा विचार करतं.

उघाडीजवळ अळू उगवलंय, हे सांगायचं राहिलं. दादा गेला त्याच जागी, बांधाच्या खाऱ्या अंगाला. खाऱ्या पाण्यात अळू कधी कुणी बघितलंय? पण उगवलं, आणि पानं सुपाएवढी, देठ काळे. गुरं तोंड लावत नाहीत. बायका त्या बाजूनं जातच नाहीत. मी लांबून एकदा बघितलं होतं. वारा नसताना पानं हलत होती, म्हणजे मला तसं वाटलं. मी तिथून निघून आले.

नैवेद्य दाखवला, आरती झाली, पानं मांडली. वरीचा भात, भाजी, काकडीची कोशिंबीर. आम्ही पाचच जणं.  दिपिकानं मुलीच्या पानातली अळकुडी आधी स्वतः टोकाशी चाखून बघितली, मग तिला भरवली. मी माझी तोंडात टाकली. चिंच नाही, आमसूल नाही. घशाशी गेली तेव्हा मी श्वास धरला होता. काही नाही, मऊ, गोडसर. कल्पेशनं त्याची खाल्ली. वयनीनं तिची खाल्ली. कुणालाही खाजलं नाही.

मग कल्पेशनं डाव आईपुढे सरकवला आणि म्हणाला, आता बाबांची काढ.

वयनीनं हात धुतले, पदराला पुसले. मग म्हणाली, "यांची मी घातलीच नाय. आता नाय घालायची. तुजा बा गेला, पोरा. मी येते तुज्या घरी."

दिपिका रडायला लागली. मी लागलेच. दोन वर्षं छातीवर धोंडा होता तो कुणीतरी उचलल्यासारखं झालं. आर्या विचारत होती, आजी आमच्याकडे झोपणार का, माझ्या कॉटवर का. वयनी तिच्या केसांतून हात फिरवत होती आणि हो म्हणत होती. म्हणाली, उद्याच निघू, चार लुगडी आणि पाटा घेते फक्त. तिला निघायची घाईच झाली होती. मी म्हटलं, पाटा कशाला, माझ्याकडे मिक्सर आहे. त्यावर ती पुन्हा हसली.

हसला नाही तो कल्पेश. तो पानाकडे बघत होता, कानशिलं लाल झालेली. मला वाटलं भरून आलं असेल. मी उठले, भाजी उरली होती ती गाईला काढावी म्हणून हंडीत डाव घातला. तळाशी काहीतरी लागलं. उचललं तर अख्खी अळकुडी. पांढरी नव्हती. शिजूनसुद्धा जांभळी-काळी, आमच्या परसातल्यासारखी नव्हतीच.

 वयनीचा चेहरा मी तेव्हा बघितला, आणि तसा चेहरा तिचा बांधावर चपला बघितल्या तेव्हाही झाला नव्हता.

"मी टाकली," कल्पेश म्हणाला. "सकाळी उघाडीवरनं काढून आणली. बाबांच्या जागची. नाव घेऊन टाकली मी."

मला त्याच्या कानाखाली आवाज काढावासा वाटला. पण मग तो बोलत राहिला आणि माझा राग गळून गेला. तो म्हणाला, तुम्ही सगळ्या दोन वर्षं काहीतरी करत होतात. आई घालत होती, गावातल्या बायका नवस करत होत्या, तू रडून मोकळी झालीस आत्या. मी काय केलं? मी नुसता क्रियाकर्म करा म्हणून ओरडत होतो. मला बाबांच्या तोंडात पाणीसुद्धा घालता आलं नाही. एकदा तरी मला माझ्या हातानं बघायचं होतं. एवढा मोठा बाप्या, लहान पोरासारखं नाक ओढत बोलत होता. आणि मग त्यानं माझ्या डावातून ती अळकुडी उचलली आणि तोंडाकडे नेली.

वयनी बसल्या जागेवरून कशी उठली ते मला कळलं नाही. गुडघेदुखीची बाई. तिनं त्याचं मनगट धरलं, अळकुडी ओढून घेतली आणि स्वतःच्या तोंडात घातली. अख्खी. हंडीच्या वाफेतली गरम. आणि चावायला लागली.

आम्ही सगळे तिच्या घशाकडे बघत होतो. मी तिच्या अगदी समोर होते. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते गरम घासानंही येतं. ती सावकाश चावत होती, कल्पेशकडे बघत. पदराखाली डावा हात होता, त्यानं तिनं स्वतःची मांडी पिळवटून धरली होती. ते फक्त मला दिसलं. गिळून झाल्यावर तिनं तोंड उघडून दाखवलं, लहान मुलं औषध घेतल्यावर दाखवतात तसं.

"लोनी हाय नुसता," ती म्हणाली.

 कल्पेश खाली बसला आणि हसायला लागला, रडता रडता. म्हणजे बाबा आहेत, म्हणाला. आई, चिंच नव्हती, मी स्वतः टाकली होती, तरी नाही खाजली. दिपिकानं त्याचा खांदा धरला. आणि वयनी म्हणाली, मग आता मला इथंच राहू दे, दाराला कुलूप नको. तो म्हणाला, राहा. शब्द दिला होता, पाळतो. त्याच्या चेहऱ्यावर असा उजेड मी दोन वर्षांत बघितला नव्हता. तो उठून विसर्जनाच्या तयारीला लागला, ढोलवाल्या पोरांना हाका मारायला लागला.

पुढच्या दारी गुलाल उधळायला लागले तेव्हा मी वयनीला शोधत मागं गेले. ती पडवीच्या पायरीवर बसली होती. चिंचेचा अख्खा गोळा तोंडात, लाळ गळत होती, ओठ सुजून दुप्पट झाले होते. मी तांब्यानं पाणी दिलं, तिनं हातानं बाजूला केलं. पाण्यानं वाढतं.

मी तिच्या शेजारी बसले. विचारलं, खाजली ना. तिनं मान हलवली. मग चिंच गालात सरकवून, तुटक तुटक, तिनं सांगितलं ते मी तसंच सांगते.

पहिल्या वर्षीसुद्धा खाजली होती. तिनं आशेनं घातली होती, आणि पहिल्याच घासाला तिला कळलं की दादा गेला. ते आम्हाला सांगायची तिची छाती झाली नाही. मग पुढच्या अमावास्येला, भर दुपारी, उधाणाचं पाणी या पायरीला लागलं आणि तो आला. ओला. पाटावर बसला. तिनं ताट वाढलं. तो जेवत नव्हता, नुसता ताटाकडे बघत होता, आणि पाणी ओसरायला लागलं तसा दिसेनासा झाला. तिला भीती नाही वाटली. बरं वाटलं. दर अमावास्येला ती ताट करायला लागली. दुसऱ्या वर्षी अळकुडी तिनं जाणूनबुजून घातली, त्यानं यावं म्हणून.

"मग यंदा का नाही घातलीस?" मी विचारलं. 

"कारन तो बोलला," ती म्हणाली. "ह्या अमावास्येला. दोन वरसांत पयल्यांदा. म्हनला, चल."

एवढंच. चल. तिला त्याच्याबरोबर जायचं नव्हतं. तिला आर्याच्या कॉटवर झोपायचं होतं, माझ्या केंद्रात भाजी निवडायची होती, जिथं खारं पाणी येत नाही तिथं जायचं होतं. यंदा वाटा घातला नाही की त्याचं येणं तुटेल, असं तिनं ठरवलं होतं. म्हणून तर कल्पेशची अट तिनं झटक्यात मानली होती. पायरीवरचे ते पाय त्या अमावास्येचे होते, ती पुसायचीसुद्धा नाही, पण पंचमीच्या सकाळी तिनं पुसले, पाट उलटा केला. आणि तिच्या पोरानं पुन्हा त्याला वाटा घातला.

"पोराच्या पोटात गेली असती," ती म्हणाली, "तर तो मनवेलपाड्याला गेला असता. घरात लेकरू हाय."

फेकलीही नसती चालली, हे मला तिनं सांगायची गरज नव्हती. आम्ही पाचही जण त्याच हंडीतून जेवलो होतो.

मी खूप बोलले. मी म्हटलं, वयनी, हे सगळं तुझ्या मनाचं आहे, एकटी राहून राहून झालंय. उघाडीजवळचं ते रानटी अळू, मिठाच्या पाण्यात न ठेवलेलं, चिंच नाही, खाजणार नाहीतर काय होणार. मी माझं सगळं शहाणपण काढलं. ती ऐकत होती. मग मी म्हटलं, बरं, तुझंच खरं, पण मग कल्पेशकडे नको, माझ्याकडे चल. मला लेकरूबाळ नाही, माझं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. येऊ दे त्याला जिने चढून. आपण दोघी दार उघडणार नाही.

तिनं माझा हात हातात घेतला. तिचा हात चिंचेनं चिकट झाला होता.

"तुजा सख्खा भाऊस हाय, हिरू," ती म्हणाली. "दाराशी उभा राहून त्यानं हाक मारली, तर तू नाय उघडनार?"

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. माझं तोंड कधी अडत नाही, अख्ख्या विरारला ठाऊक आहे. पुढच्या दारी ढोल वाजत होते, कल्पेश मला हाका मारत होता, आत्या, चला, बाप्पा उचलायचाय. मला दादाची हाक आठवली. तो मला हिरू म्हणायचा नाही, हिरे म्हणायचा, मधे थोडं लांबवून. मी लहान असताना भरती आली की बांधावरून मला घरी बोलवायचा तो.

 वयनीनं माझ्या हातावर थोपटलं, उठली, आणि भिंतीशी उलटा ठेवलेला पाट सरळ केला.